घोड्यांच्या गावी जाताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अमेरिकेच्या दक्षिण भागातली लहान गावं आणि तिथल्या घोड्यांच्या परंपरा, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांनी ‘कुठे जाऊ’ असं विचारलं आहे. आमचं सांगणं असं, की आधी ‘कधी’ ते ठरवा. ही गावं घोड्याच्या वेळापत्रकावर चालतात. उन्हाळ्यात तिथे दमट उकाडा असतो, त्यामुळे बहुतेक शर्यती वसंतात नाहीतर शरद ऋतूत होतात, आणि घोड्यावरून होणाऱ्या कोल्ह्याच्या शिकारी शरदापासून हिवाळाभर. शिंगरं जानेवारी ते मे या काळात जन्मतात आणि केंटकीतला मोठा लिलाव सप्टेंबरमध्ये होतो. चुकीच्या महिन्यात गेलात तर गाव सुंदरच दिसेल, पण ज्यासाठी गेलात ते दिसणार नाही.

प्रश्न : मार्च-एप्रिलमध्ये मुलाकडे अटलांटाला असू. मोठी शहरं पाहून झाली आहेत. घोड्यांसाठी नावाजलेलं एखादं लहान गाव दोन दिवसांत बघता येईल का? यजमानांचे गुडघे दुखतात, तेही लक्षात घ्या. (एक वाचक, अटलांटा)

साउथ कॅरोलायनामधलं एकिन गाठा. अटलांटाहून इंटरस्टेट २० ने पूर्वेला साधारण अडीच तास लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेकडची श्रीमंत घराणी हिवाळ्यात आपले घोडे घेऊन इथे मुक्कामाला येऊ लागली. त्याचं कारण पायाखाली होतं. इथली जमीन वाळूची आहे. पाणी पटकन निचरून जातं, थंडीत गोठून दगडासारखी होत नाही आणि घोड्याच्या पायांच्या सांध्यांना धक्का कमी बसतो. म्हणूनच गावाच्या घोडेवाल्या भागातले रस्ते आजही मुद्दाम कच्चे ठेवले आहेत. डांबरावर नाल घसरते, वाळूवर घसरत नाही. व्हिस्की रोड नावाच्या रहदारीच्या रस्त्यावर सिग्नलचं बटण दोन उंचींवर आहे, एक पादचाऱ्यासाठी आणि एक खोगिरावर बसलेल्या माणसाच्या हाताला येईल असं. सकाळी जाऊन दहा मिनिटं तिथे उभे राहा. स्वार येतो, घोड्यावरून न उतरता बटण दाबतो आणि घोडा शांतपणे हिरव्या दिव्याची वाट बघतो.

गावाला लागूनच हिचकॉक वुड्स हे सुमारे २,१०० एकरांचं जंगल आहे. १९३९ पासून ते एका न्यासाच्या ताब्यात आहे. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत खुलं असतं, प्रवेश फुकट. आत सायकल आणि मोटार दोन्हींना बंदी आहे. गुडघ्यांचा प्रश्न इथे येतो, कारण कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि अर्ध्या तासातच माणूस थकतो. पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी वाळू दबलेली असते, तेव्हा चालणं बरंच सोपं जातं. घोटा धरून ठेवणारे बूट घाला, काठी घ्या, आणि फाटकापाशी असलेल्या नकाशाचा फोटो काढूनच आत शिरा, कारण वाटा पुष्कळ आणि एकसारख्या दिसणाऱ्या आहेत. ‘सँड रिव्हर’ नावाचा पांढऱ्या वाळूचा कोरडा ओढा दिसेल. वादळी पाऊस सुरू असताना त्यात उतरू नका. गावातलं पावसाचं पाणी तिथेच धावत येतं.

समोरून घोडा आला तर वाट त्याची. उतार असेल तर खालच्या बाजूला सरका, थांबा आणि साध्या आवाजात ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. घोड्याला आवाज ऐकला की ‘हा माणूस आहे’ हे कळतं. झाडाआड गप्प उभं राहिलेलं काहीतरी त्याला शिकारी जनावर वाटतं आणि तो बिथरतो. छत्री उघडू नका, मिटूही नका, जशी आहे तशी स्थिर धरा.

चालणं नकोच असेल तर होपलँड्स गार्डन्समध्ये जा. सपाट वाटा, जुने ओक वृक्ष, आणि आवारातल्या जुन्या बग्गीखान्यात एकिनमध्ये तयार झालेल्या विजेत्या घोड्यांचं संग्रहालय आहे. संग्रहालय रोज दिवसभर उघडं नसतं, वेळ आधी बघून घ्या. वसंतात आणि शरदात रविवारी दुपारी व्हिटनी फील्डवर पोलोचे सामने असतात. एकिनमध्ये पोलो १८८२ पासून खेळला जातो. गाडीतून घडीच्या खुर्च्या न्या. एका संघात चार खेळाडू, सात मिनिटांचा एक चकर, म्हणजे खेळाचा एक भाग. बहुतेक फाऊल एकाच गोष्टीवरून होतात : मारलेला चेंडू ज्या रेषेत चालला आहे ती रेषा आडवी कापायची नाही, कारण भरधाव घोडे तिथेच एकमेकांवर आदळतात. एवढं डोक्यात ठेवलं की शिट्टी का वाजली ते कळायला लागतं. मध्यंतरात प्रेक्षकांनी मैदानात जाऊन टापांनी उखडलेली ढेकळं पायाने दाबायची असतात. तो नुसता गमतीचा रिवाज नाही, उखडलेल्या जागी पुढच्या घोड्याचा पाय मुरगळू शकतो. तुमच्या यजमानांनाही दोन ढेकळं दाबता येतील.

एक मोठी अडचण सांगून ठेवतो. एप्रिलच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात वीसेक मैलांवरच्या ऑगस्टाला मास्टर्स ही गोल्फस्पर्धा असते. त्या आठवड्यात एकिनमधल्या खोल्यांचे भाव कित्येक पटींनी चढतात आणि तरीही खोली मिळत नाही. मार्च धरा.

मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीच्या एका शनिवारी कॅम्डेन या गावी स्प्रिंगडेल मैदानावर कॅरोलायना कप ही अडथळ्यांची शर्यत असते, १९३० पासून. एकिनहून दीड तासाचं अंतर. इथे आसन नव्हे, गाडी उभी करायची जागा विकत घ्यायची असते आणि गाडीच्या डिकीतच जेवण मांडायचं असतं. तिकीट आधी काढा. टाचेच्या चपला गवतात रुततात, सपाट तळव्याचं काहीतरी घाला. या राज्यात शर्यतीवर कायदेशीर पैज लावता येत नाही, तेव्हा तिकीटखिडकी शोधत बसू नका. गर्दी नको असेल तर शर्यतीच्या दिवशी जाऊच नका. एरवी जाऊन स्टीपलचेसचं, म्हणजे अशा अडथळ्यांच्या शर्यतींचं, राष्ट्रीय संग्रहालय बघा, ते त्याच आवारात आहे. हे मैदान मेरियन ड्युपाँट स्कॉट यांनी राज्याला दिलं. त्यांच्या ‘बॅटलशिप’ या ठेंगण्या घोड्याने १९३८ मध्ये इंग्लंडची ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत जिंकली होती.

प्रश्न : केंटकी डर्बीची तिकिटं आवाक्याबाहेर आहेत. डर्बी न बघता केंटकीला जाण्यात अर्थ आहे का? (सिनसिनाटी)

आहे, आणि आमच्या मते जास्त आहे. डर्बी ही अमेरिकेतली सर्वांत प्रसिद्ध घोड्यांची शर्यत मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी लुईव्हिल या मोठ्या शहरात होते. घोड्यांची खरी वस्ती मात्र लेक्सिंग्टनच्या भोवती, पॅरिस, मिडवे, व्हर्सेल्स, जॉर्जटाउन अशा गावांत आहे. सगळी लेक्सिंग्टनपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत. (गावात वाट विचारताना ‘व्हर्सेल्स’ असाच उच्चार करा, फ्रेंच पद्धतीने म्हटलं तर कुणाला कळणार नाही.) इथली जमीन चुनखडीच्या खडकावर आहे. पाण्यात आणि गवतात कॅल्शियम उतरतं, वाढत्या शिंगराची हाडं बळकट होतात, अशी इथल्या पैदासकारांची पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा आहे.

कीनलँडपासून सुरुवात करा. हे शर्यतीचं मैदान १९३६ मध्ये उघडलं, लेक्सिंग्टनच्या विमानतळासमोरच आहे. शर्यती फक्त एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, प्रत्येकी साधारण तीन आठवडे. शनिवार आधीच विकले जातात, बुधवार-गुरुवारी निवांत मिळतं. पण शर्यतीपेक्षा सकाळची मेहनत बघा, ती बघायला पैसे पडत नाहीत. उजाडताच कठड्यापाशी उभे राहा. शर्यतीच्या वेगाने पळणारे घोडे आतल्या कठड्याला धरून जातात आणि रमतगमत परतणारे बाहेरच्या बाजूने, उलट दिशेने येतात. नाकपुड्यांतून निघणारी वाफ आणि घामाचा वास येईल इतके जवळून. पळून आलेल्या घोड्याला धुतात, अंगावर चादर टाकतात आणि मोतद्दार त्याला हळूहळू फिरवत राहतो. घोट-घोट पाणी, थोडं चालणं, परत पाणी. अंग थंड होण्याआधी पोटभर पाणी देत नाहीत, एकदम उभाही करत नाहीत, कारण स्नायू आखडतात. घोडा सांभाळणं म्हणजे काय ते या अर्ध्या तासात दिसतं. नंतर आवारातल्या ‘ट्रॅक किचन’मध्ये नाश्ता करा, जॉकी आणि प्रशिक्षक तिथेच खातात आणि ते सगळ्यांसाठी खुलं आहे.

सप्टेंबरमध्ये गेलात तर कीनलँडमध्येच एक वर्षाच्या शिंगरांचा लिलाव बघा. हा जगातल्या सर्वांत मोठ्या लिलावांपैकी एक आहे, साधारण दोन आठवडे चालतो आणि बघायला मुभा आहे. प्रत्येक शिंगराच्या कमरेपाशी क्रमांकाची चिकटपट्टी असते. गिऱ्हाईक त्याला समोरून येताना आणि मागे जाताना चालवून बघतात. पाय सरळ पडतो की आतबाहेर फेकतो, मागची टाप पुढच्या टापेच्या खुणेच्या किती पुढे पडते, गुडघा समोरून मधोमध आहे का, यावर नजर असते. क्ष-किरण चित्रं आणि श्वासनलिकेची तपासणी वेगळी. सभागृहात राखीव खुर्च्यांवर बसू नका, मागे उभे राहा. बोली टिपणारी माणसं नुसत्या मान डोलावण्यावर लक्ष ठेवून असतात, म्हणून लांबच्या ओळखीच्या माणसाला हात हलवणं टाळा.

पैदाशीच्या फार्मवर आधी वेळ घेतल्याशिवाय जाता येत नाही. ‘हॉर्स कंट्री’ या संस्थेमार्फत बऱ्याच फार्मच्या भेटी ठरवता येतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत जोड लावण्याचा हंगाम असतो. थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही, प्रत्येक घोडीला स्टॅलियनकडे (पैदाशीच्या नराकडे) प्रत्यक्ष आणावं लागतं, त्यामुळे या महिन्यांत भेटीच्या वेळा मोजक्या असतात आणि लवकर भरतात. पॅरिसच्या क्लेबोर्न फार्मवर सेक्रेटेरियटची समाधी आहे. १९७३ मध्ये ट्रिपल क्राउन (एकाच वर्षातल्या तीन मोठ्या शर्यती) जिंकलेला हा घोडा १९८९ मध्ये गेला. रिवाजाप्रमाणे शर्यतीच्या घोड्याचं फक्त डोकं, हृदय आणि खूर पुरतात. याला अखंड पुरलं आहे. भेट संपल्यावर घोडा दाखवणाऱ्याच्या हातावर काही डॉलर ठेवण्याची पद्धत आहे, सुटे जवळ असू द्या.

जॉर्जटाउनजवळ ‘ओल्ड फ्रेंड्स’ हे निवृत्त शर्यती घोड्यांचं घर आहे, २००३ पासूनचं. पैदाशीतूनही मोकळ्या झालेल्या म्हाताऱ्या घोड्यांना इथे शेवटपर्यंत सांभाळतात. लहान मुलं बरोबर असतील आणि एकच ठिकाण निवडायचं असेल तर हे निवडा. वाटाड्याच्या देखरेखीत गाजरं भरवता येतात.

लेक्सिंग्टनहून फ्रँकफर्टकडे जुन्या रस्त्याने, ओल्ड फ्रँकफर्ट पाइकने जा, महामार्गाने नको. दोन्ही बाजूंना चुना-सिमेंटशिवाय रचलेल्या दगडी भिंती आहेत, माथ्यावर तिरके उभे दगड. आयरिश गवंड्यांनी सुरू केलेलं हे काम पुढे मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय गवंड्यांनी, त्यात कित्येक गुलामगिरीत असलेल्यांनी केलं. फार्मची लाकडी कुंपणं नीट बघा. काटेरी तार कुठेही नाही, कोपरे गोल आहेत, कारण काटकोनात घोडा कोंडला जाऊन जखमी होतो. शेजारच्या दोन कुरणांत दोन कुंपणं आणि मध्ये पट्टा सोडलेला असतो, घोडे एकमेकांना चावू नयेत म्हणून. गाडी रस्त्याच्या कडेला लावून कुंपणावरून घोड्याला काही खायला देणं, हे मात्र कृपा करून करू नका. सफरचंदाच्या तुकड्याने घोड्याचा घसा चोंदू शकतो, आणि ज्या घोड्याला तुम्ही भरवता तो कुणाचातरी जीव की प्राण असतो.

प्रश्न : या परंपरेत कृष्णवर्णीयांचा वाटा किती? फोटोत फक्त टोप्या घातलेले श्रीमंत गोरे दिसतात. (रॅले)

फोटो अपुरे आहेत. १८७५ च्या पहिल्या केंटकी डर्बीत धावलेल्या १५ जॉकींपैकी १३ कृष्णवर्णीय होते. विजेता जॉकी ऑलिव्हर लुईस कृष्णवर्णीय, आणि विजेत्या ‘ॲरिस्टिडीस’चा प्रशिक्षक ॲन्सेल विल्यमसन गुलामगिरीत जन्मलेला. आयझॅक मर्फीने १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीन वेळा डर्बी जिंकली. जिमी विंकफील्डने १९०१ आणि १९०२ मध्ये. त्यानंतर वंशभेदाच्या रेट्यात या जॉकींना मैदानातून अक्षरशः हुसकून लावलं गेलं. लेक्सिंग्टनच्या केंटकी हॉर्स पार्कमध्ये ‘मॅन ओ’ वॉर’ या गाजलेल्या शर्यती घोड्याच्या भव्य पुतळ्याजवळच मर्फीची समाधी आहे. बहुतेक जण पुतळ्याचा फोटो काढून परततात. तुम्ही चार पावलं पुढे जा.

प्रश्न : दोन डॉलरची पैज कशी लावायची? खिडकीपाशी गोंधळ उडतो. (नॅशव्हिल)

क्रम पाठ करा : शर्यतीचा क्रमांक, रक्कम, प्रकार, घोड्याचा क्रमांक. ‘चौथी शर्यत, दोन डॉलर, विन, सहा नंबर.’ घोड्याचं नाव सांगू नका. ‘विन’ म्हणजे पहिला, ‘प्लेस’ म्हणजे पहिला किंवा दुसरा, ‘शो’ म्हणजे पहिल्या तिघांत. खिडकी सोडण्याआधी चिठ्ठी वाचा, नंतर बदलून मिळत नाही. फलकावर ५-२ असेल तर दोन डॉलरला पाच डॉलर नफा आणि मूळचे दोन, मिळून सात हातात येतात. भाव सगळ्यांच्या पैजांवर ठरतो, त्यामुळे तुम्ही चिठ्ठी घेतल्यानंतरही बदलतो. लांबून घोडा ओळखायला खोगिराखालच्या कापडाचा रंग बघा : १ लाल, २ पांढरा, ३ निळा, ४ पिवळा, ५ हिरवा, ६ काळा. केंटकीत पैजेसाठी १८ वर्षं पूर्ण लागतात.

प्रश्न : टेनेसीच्या वॉकिंग हॉर्सचा महोत्सव बघावा का? त्यावर टीकाही वाचली आहे. (नॅशव्हिल)

शेल्बीव्हिल गावात १९३९ पासून हा महोत्सव भरतो. अकरा दिवस, शेवट लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या) आदल्या शनिवारी. नॅशव्हिलहून तासाभराचा रस्ता. ही जात खरोखर बघण्यासारखी आहे. तिची ‘रनिंग वॉक’ ही चाल चार ठोक्यांची : मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या सहा ते अठरा इंच पुढे पडतो, प्रत्येक पावलाला मान डोलते आणि स्वार जराही उसळत नाही. दिवसभर शेतांवरून फिरणाऱ्यांसाठी ही चाल जोपासली गेली.

टीका खरी आहे. स्पर्धेच्या एका प्रकारात घोडा पुढचे पाय अनैसर्गिक उंच फेकतो, त्याला ‘बिग लिक’ म्हणतात. हा परिणाम साधण्यासाठी काही जण घोड्याच्या घोट्याखाली मोहरीचं तेल, डिझेल असले दाहक पदार्थ चोळून वर प्लॅस्टिक गुंडाळत आले आहेत. सोललेल्या कातडीवर साखळी आपटली की घोडा वेदनेने पाय झटकतो. १९७० च्या केंद्रीय कायद्याने हे गुन्हा ठरवलं, तरी प्रकार थांबले नाहीत. २०१२ मध्ये अमेरिकन पशुवैद्यकांच्या संघटनांनी या स्पर्धांतल्या साखळ्या आणि खुराखालचे जाड थर दोन्हींवर बंदीची मागणी केली.

आमचं मत स्पष्ट आहे. तिकीट काढायचंच तर साध्या नालेच्या घोड्यांचे वर्ग असतील त्या सत्राचं काढा. कार्यक्रमपत्रिकेत ‘फ्लॅट शॉड’, ‘ट्रेल प्लेझर’ असे शब्द शोधा. ‘परफॉर्मन्स’ असं लिहिलेल्या वर्गांत थर आणि साखळ्या असतात. बघताना खूण ही : निरोगी घोडा मागच्या पायांवर बसल्यासारखा चालत नाही, पाठ सरळ असते, कान सैल असतात. जवळच वॉरट्रेस या चिमुकल्या गावात जुन्या वॉकिंग हॉर्स हॉटेलच्या मागे ‘स्ट्रोलिंग जिम’ची समाधी आहे, १९३९ चा पहिला विजेता. तिथे जायला तिकीट लागत नाही आणि कुठल्याही घोड्याला त्रास होत नाही.

प्रश्न : पोहत येणारी तट्टं बघायला शिंकोटीगला जायचं आहे. मुलं सात आणि दहा वर्षांची. काय तयारी करू? (व्हर्जिनिया)

तारीख : जुलैतल्या शेवटच्या सलग बुधवार-गुरुवारपैकी बुधवार. असॅटिग बेटावरची तट्टं खाडी पोहून शिंकोटीग गावात येतात, गुरुवारी शिंगरांचा लिलाव, शुक्रवारी मोठी तट्टं परत पोहत घरी. १९२५ पासून हे गावचं स्वयंसेवी अग्निशमन दल चालवतं, तट्टं त्यांच्याच मालकीची. परवान्याप्रमाणे बेटावर १५० प्रौढ तट्टंच ठेवता येतात, म्हणून दरवर्षी शिंगरं विकावी लागतात. लिलावाचे पैसे तट्टांच्या औषधपाण्याला आणि दलाला जातात.

नेमकी वेळ भरती-ओहोटीवर ठरते. पाणी दोन्हीकडे वाहायचं थांबतं तेवढ्या थोड्या वेळात तट्टं सोडतात, म्हणजे प्रवाहाने लहान शिंगरं वाहून जात नाहीत. ही वेळ सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत कधीही येऊ शकते आणि जवळ आल्यावरच जाहीर होते. पोहणं मात्र जेमतेम पाच मिनिटांचं. लोक पहाटे पाचपासून जागा धरतात. पुढे दलदलीत उभं राहायचं तर नाडी बांधायचे जुने बूट घाला, चपला चिखल गिळून टाकतो. डासांचं औषध, टोपी, पाणी, खाणं, मुलांचे कोरडे कपडे घ्या. गाडी गावात ठेवून फुकटच्या शटल बसने जा.

सात वर्षांच्या मुलाला चार-पाच तास चिखलात उभं ठेवणं कठीण आहे. तुमच्यासाठी सुचवतो : पोहणं सोडा, मेन स्ट्रीटवर सावली बघून बसा. किनाऱ्याला लागल्यावर तट्टांना पाऊण तास विश्रांती देतात आणि मग घोडेस्वार त्यांना रस्त्यावरून जत्रेच्या मैदानात नेतात. शिंगरं आईच्या पोटाला चिकटून चालताना मुलांना तिथे जास्त जवळून दिसतील. राहायची जागा कित्येक महिने आधी भरते. ते जमलं नाही तर सोमवारी पहाटे उत्तरेकडचा कळप समुद्रकिनाऱ्यावरून चालवत आणतात, ते बघा. गर्दी खूपच कमी असते.

प्रश्न : व्हर्जिनियातल्या कोल्ह्याच्या शिकारी बघणं म्हणजे प्राण्याचा बळी बघणं का? (वॉशिंग्टन)

अमेरिकेत भर पाठलागावर असतो. कोल्हा बिळात शिरला की सामान्यतः तिथेच थांबतात. एकिनची ‘एकिन हाउंड्स’ ही १९१४ ची टोळी तर जिवंत कोल्ह्यामागे जातच नाही. वासाचं फडकं आधी ओढत नेतात आणि कुत्रे त्या मागावर धावतात. तुम्हाला नुसता थाट बघायचा असेल तर दोन दिवस लक्षात ठेवा. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या) सकाळी हिचकॉक वुड्समध्ये हंगामाआधी कुत्र्यांना आशीर्वाद देण्याचा विधी होतो, सगळ्यांना खुला. आणि डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मिडलबर्ग गावात नाताळच्या मिरवणुकीपूर्वी शिकारी कुत्रे आणि लाल कोटातले स्वार मुख्य रस्त्यावरून जातात. त्या दिवशी महामार्ग ५० बंद असतो, गाडी लावायची जागा आधी राखून ठेवावी लागते. जवळच अपरव्हिलला जूनमध्ये देशातलं सर्वांत जुनं अश्वप्रदर्शन भरतं, १८५३ पासूनचं.

शिकार चालू असताना रस्त्यात भेटलीच तर इंजिन बंद करा, फाटकासमोर गाडी लावू नका, आणि फाटक जसं होतं तसंच, उघडं असेल तर उघडं, ठेवा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. लहान गावांत उपाशी राहू का? (शार्लट)

नाही, पण विचारून खा. कोलार्ड पालेभाजी, फरसबी, चवळी हे सगळं बऱ्याचदा डुकराच्या मांसाच्या तुकड्यासह शिजवलेलं असतं, आणि वाढणाऱ्याच्या लेखी ती ‘भाजी’च असते. ‘मांस आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. ‘बेकन, हॅम किंवा कोंबडीचं पाणी घातलं आहे का’ असं विचारा. ग्रिट्स या मक्याच्या लापशीलाही तोच प्रश्न, आणि बिस्किटांना (तिथे हे मऊ पावासारखे असतात) चरबीचा. तळलेले हिरवे टोमॅटो, पिमेंटो चीजचं (लाल गोडसर मिरची घातलेल्या चीजचं) सँडविच निर्धास्त घ्या, तळण्याचं तेल मात्र विचारा. साउथ कॅरोलायनात रस्त्याकडेला उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात. कीनलँडचं प्रसिद्ध ‘बर्गू’ हा मांसाचा रस्सा आहे, आणि ब्रेड पुडिंगवर बर्बन या व्हिस्कीचा सॉस असतो.

प्रश्न : तिथे जाऊन आम्हालाही घोड्यावर बसायचं आहे. आई-वडील भारतातून आलेले आहेत. (ग्रीनव्हिल)

हिचकॉक वुड्समध्ये भाड्याने घोडा मिळत नाही, तिथे स्वतःचा आणावा लागतो. केंटकी हॉर्स पार्कमध्ये हंगामात वाटाड्यासह फेरी मिळते. कुठेही वय आणि वजनाची मर्यादा असते, ती फोनवरच विचारा. सही करायच्या कागदावर धोका तुमचा असं लिहिलेलं असतं, आणि तबेल्यावर तशी पाटीही दिसेल. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत तसा कायदा आहे. म्हणून आई-वडिलांच्या प्रवासी विम्यात घोडेस्वारी वगळली आहे का ते आधी वाचा, बऱ्याच पॉलिसींत ती साहसी खेळात धरतात. पायात बोटं झाकणारे, थोडी टाच असलेले बूट हवेत. सपाट तळव्याचा बूट रिकिबीतून पुढे सरकतो, पडलात तर पाय अडकून फरफटत जाण्याचा धोका असतो. शिरस्त्राण मोफत मिळतं, ते भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे.

तुम्ही ग्रीनव्हिलला आहात, तर तासाभराच्या आत नॉर्थ कॅरोलायनाचं ट्रायॉन आहे. गावात मॉरिस नावाचा मोठा लाकडी घोडा रस्त्यावर उभा आहे, आणि जवळच्या मिल स्प्रिंगला २०१८ मध्ये जागतिक अश्वक्रीडा स्पर्धा झालेलं केंद्र. हंगामात ठरावीक शनिवारी रात्री तिथे उड्यांची ग्रां प्री स्पर्धा असते, प्रवेश फुकट. दांडी पडली की चार दोष, आणि शून्य दोषांवर बरोबरी झाली की छोट्या फेरीत वेळ मोजतात. स्पर्धेआधी स्वार पायी मैदानात फिरून दोन अडथळ्यांमधली पावलं मोजतात. ते बघायला अर्धा तास लवकर पोचा. प्रत्येक शनिवारी स्पर्धा नसते, त्यामुळे निघण्याआधी वेळापत्रक बघाच.